तिथी, तारीख आणि सांगकाम्या

निवृत्त मनुष्याजवळ वेळ असतो, हा प्रवाद प्रथम कोणी पसरविला हे इतिहासाला ज्ञात नाही; परंतु तो गृहस्थ एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस असला पाहिजे, याविषयी माझ्या मनात आता तिळमात्र संदेह उरलेला नाही. सरकारी दप्तरात नस्तींवर शेरे मारण्यात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला ‘आपल्यावाचून हे काम अडले आहे’ असे कोणी म्हटले की त्याची छाती अकारण रुंदावते, आणि छाती रुंदावलेल्या अवस्थेत मनुष्य पुढे येईल त्या कागदावर सही करतो. आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने ‘संस्थेची विकी-दिनदर्शिका’ सिद्ध करण्याचा ठराव एकमताने संमत केला, तेव्हा माझी अवस्था नेमकी अशीच होती.

ठरावाचे मूळ असे की, मराठी विकिपीडियावर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला स्वतंत्र पान असून त्यावर त्या दिवशीच्या ठळक घटना, जन्म, मृत्यू आणि प्रतिवार्षिक पालन यांची रीतसर प्रतवारी लावलेली असते, ही गोष्ट चिटणिसांच्या दृष्टीस पडली. १ मे २००३ रोजी जन्मलेल्या त्या ज्ञानकोशाने साऱ्या जगाचे दिनविशेष लावून मोकळे व्हावे, आणि एकोणिसाव्या शतकापासून अखंड व्याख्याने करीत आलेल्या आपल्या संस्थेजवळ स्वतःचा एकही दिनविशेष नसावा, हा त्यांना साक्षात उपमर्द वाटला.

“कोणत्याही तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी संस्थेत काय घडले ते बाहेर आले पाहिजे,” ते म्हणाले.

“आणि ज्या दिवशी काहीच घडले नसेल?” मी विचारले.

“तसा दिवस आढळला तर मला दाखवा,” ते करड्या स्वरात उद्गारले. “मी काहीतरी घडवून आणतो.”

माझ्या मदतीला एक महाविद्यालयीन तरुण देण्यात आला. हा मुलगा अत्यंत गुणी, मितभाषी आणि यंत्राच्या बाबतीत निष्ठुर होता. योजना त्यानेच आखली: मी संस्थेच्या दप्तरातून कार्यक्रमांचा तपशील वेचून एका तक्त्यात भरावयाचा, आणि मग तो ‘सांगकाम्या’ लावून, म्हणजे सांगितलेले काम निमूटपणे व अहोरात्र करणारी एक आज्ञावली सोडून, त्या तक्त्यातून दिनदर्शिकेची पाने तयार करवून घेणार. सांगितलेले काम निमूटपणे करणारे कोणी आमच्या संस्थेत यापूर्वी कधीच नसल्यामुळे कार्यकारिणीत ह्या वार्तेने मोठेच समाधान पसरले.

तक्त्याचे रकाने मोजके होते: कार्यक्रमाचे नाव, दिनांक, प्रारंभ, समाप्ती, स्थळ. दिनांक लिहावयाचा तो मात्र १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाबरहुकूम. अगोदर वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. तरुणाने हे नव्या युगाचा मंत्र द्यावा अशा गांभीर्याने सांगितले, तेव्हा मी त्यास नम्रपणे निवेदन केले की, ‘शके १५९६ आनंदनाम संवत्सरे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शनिवार’ असे लिहिताना आमच्या पूर्वजांनीही वर्षापासून वारापर्यंत हाच उतरता क्रम सांभाळला होता, आणि त्यासाठी त्यांना आंतरराष्ट्रीय समिती नेमावी लागली नव्हती. तो म्हणाला, “काका, छान. मग आपल्या वाचनालयाने तो का सोडला?” ह्या प्रश्नाचे उत्तर दप्तर उघडल्यावर मिळेल, असे मी त्यास सांगितले; आणि दप्तर उघडले.

वाचनालयाच्या निमंत्रणपत्रिका ह्या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास विद्यापीठांनी अद्याप हाती घेतलेला नाही, ही खेदाची गोष्ट होय. पत्रिकेवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि ज्यांना ह्यांपैकी काहीच होता आले नाही ते ‘आपले विनीत’ अशी सर्वांची नावे पदव्यांसह असतात. अल्पोपहाराच्या देणगीदाराचा उल्लेख ठळक टंकात असतो. आणि सर्वांत खाली, उरलेल्या जागेत, ‘येत्या रविवारी सायंकाळी ठीक ६ वाजता नेहमीच्या जागी’ एवढेच असते. कोणता रविवार, कोणत्या महिन्याचा आणि कोणत्या शतकातला, हे छापण्याची आवश्यकता कोणालाच भासली नव्हती. कारण ज्यांनी यावयाचे होते त्यांना ते ठाऊक होते, आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी येऊ नये, अशीच बहुधा संयोजकांची मनीषा होती.

अशा पत्रिकांचा काळ ठरविण्यासाठी मला स्वतःचेच एक शास्त्र निर्माण करावे लागले. एकाच गृहस्थाच्या नावामागे एका पत्रिकेवर ‘चि.’, दुसरीवर ‘रा. रा.’, तिसरीवर ‘श्री.’ आणि चौथीवर ‘कै.’ असेल, तर त्या पत्रिका ह्याच क्रमाने निघाल्या, असे निःशंक मानावयास हरकत नाही. कोणी ‘रावसाहेब’ ही पदवी अभिमानाने मिरवीत असेल, तर इंग्रजांचा अंमल अद्याप शाबूत आहे असे समजावे. ‘माजी’ ह्या उपपदाचा उदय झाला, की त्या वर्षी निवडणूक झाली. आणि दोन प्रतिस्पर्धी गृहस्थांची नावे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या टंकात छापलेली आढळली, की त्या वर्षी दोघांचाही पराभव झाला.

इतिवृत्ताच्या वह्या ह्याहून अधिक विश्वासार्ह असतील अशी माझी अटकळ होती. त्यांत प्रत्येक सभेच्या शिरोभागी ‘दिनांक वरीलप्रमाणे’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. वरील पान तेवढे कसरीने खाल्ले होते. कसरीची अभिरुची हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. तिने जमाखर्चाला स्पर्श केलेला नव्हता, आभारप्रदर्शन तर तिला मुळीच पचलेले दिसत नव्हते. तारखा मात्र तिने वेचून वेचून सेवन केल्या होत्या.

तथापि खरी ठिणगी पडली ती ‘समाप्ती’च्या रकान्यावरून. कार्यक्रम सुरू केव्हा होणार हे पत्रिकेवर छापलेले असते, आणि ती वेळ पाळावयाची नसते हे वक्त्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांना अवगत असते; परंतु तो संपणार केव्हा, हे छापण्याचे धाडस आमच्या गावात कोणीही केलेले नाही. यंत्राला मात्र समाप्तीवाचून चैन पडेना. एके सायंकाळी तरुण चिंताक्रांत मुद्रेने माझ्याकडे आला.

“काका, वसंत व्याख्यानमालेतले हे एक व्याख्यान उणे पावणेअठरा तासांचे निघते.”

चौकशीअंती असे आढळले की, सायंकाळी ६ वाजता सुरू झालेले ते व्याख्यान, अध्यक्षीय समारोपासह, मध्यरात्रीनंतर सव्वाबारा वाजता संपले होते. इतिवृत्त लिहिणाऱ्याने सारे एकाच तारखेखाली नोंदले होते. आणि संपण्याची वेळ आरंभापूर्वीची दिसत असल्यामुळे यंत्राने ते व्याख्यान उलट्या दिशेने झाले असले पाहिजे असा निष्कर्ष काढला होता. त्या व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसलो होतो; ते उणे खचित नव्हते. चिटणिसांपुढे हे प्रकरण रुजू करताच त्यांनी क्षणभर विचार करून फर्मावले, “समाप्ती आठ लिहा. इतिहासात तरी त्यांना वेळेवर थांबू द्या.”

तक्त्यांच्या ज्या जगप्रसिद्ध आज्ञावलीत आम्ही हे सर्व भरीत होतो, तिचाही स्वभाव हळूहळू उलगडू लागला. तिच्या मते विश्वाची उत्पत्ती १ जानेवारी १९०० रोजी झाली असून तत्पूर्वी काहीही घडलेले नाही. लोकमान्यांचा २३ जुलै १८५६ चा जन्म तिने तारीख म्हणून स्वीकारलाच नाही, केवळ मजकूर समजून रकान्याच्या डाव्या कडेला ढकलला; त्यांचे १ ऑगस्ट १९२० चे निधन मात्र तत्काळ मान्य करून सन्मानाने उजव्या कडेस बसविले. म्हणजे लोकमान्य जन्माला न येताच वारले. याउलट १९०० हे वर्ष चारशेने भागले जात नसल्यामुळे प्लुतवर्ष नव्हते, ही गोष्ट पंचांगाच्या अभ्यासकास सांगावी लागत नाही. तरीही २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस ही आज्ञावली बिनदिक्कत खरा धरते. जे घडले ते अमान्य करावयाचे आणि जे घडलेच नाही त्याची रीतसर नोंद ठेवावयाची, ह्या शिस्तीत माझे आयुष्य गेले असल्यामुळे मला तिच्याविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

शिवाय, दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ दिसली की तिला ती तारीखच वाटते. स्थळाच्या रकान्यात घर क्रमांक म्हणून ‘५/६’ एवढेच मी लिहिले, त्याचा तिने तत्क्षणी एक दिनांक केला, आणि त्या घरात राहणारे सद्‌गृहस्थ एका तारखेत राहू लागले. मी त्राग्याने बोलू लागलो, तेव्हा तरुणाने माझी समजूत घातली. जीवशास्त्रज्ञांनी ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी नावे दिलेल्या मानवी जनुकांच्याही ही आज्ञावली तारखाच करून टाकीत असे; अखेर २०२० साली त्या जनुकांची नावेच बदलण्यात आली. कारकून सुधारत नाही असे पाहून अर्जदाराने आपले नाव बदलावे, ही प्रथा केवळ आपल्याच कचेऱ्यांत आहे अशी माझी आजवर समजूत होती; तीत मानवी जनुकेही सामील आहेत हे ऐकून मन हलके झाले.

जुनी छापील अहवालपुस्तके यंत्राकडून वाचवून घ्यावीत, ही सूचनाही तरुणाचीच. यंत्राने ती झरझर वाचली. फक्त लहरीप्रमाणे कधी आपल्या १ ला ते ९ समजे, तर कधी ९ ला १. परिणामी संस्थापकांचे निधन १९१९ ऐवजी ११११ साली नोंदले गेले. त्यांनी वाचनालय काढले ही गोष्ट निर्विवाद आहे; परंतु ज्ञानेश्वरी सिद्ध होण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे ते वर्गणीदारांना कोणते ग्रंथ घरी नेऊ देत होते, हे एक गूढच राहिले असते.

एवढ्यावर भागले नाही. कारण संस्थेची स्थापना विजयादशमीस झालेली. तरुणाने निरागसपणे विचारले, “म्हणजे कोणती तारीख?” मी त्यास संस्थेचे हितचिंतक शास्त्रीबुवा यांच्याकडे नेले. २०१८ साली दसरा १८ ऑक्टोबरला, २०१९ साली ८ ऑक्टोबरला आणि २०२० साली एकदम २५ ऑक्टोबरला आलेला पाहून तरुणाचा चेहरा उतरला.

“असा मागेपुढे का होतो?” त्याने विचारले.

“चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “ती तूट साठत जाते आणि दर साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिकमास घालून भरून काढावी लागते. २०२० साली आश्विन अधिक होता.”

“म्हणजे पूर्ण महिना दोनदा?”

“जावयांनी आजवर तक्रार केलेली नाही,” शास्त्रीबुवा शांतपणे उत्तरले.

ह्यानंतर तिथीची वृद्धी होते, कधी तिचा क्षयही होतो, हे ऐकल्यावर तरुणाचा संयम सुटला. “आख्खा दिवस गाळायचा? जगात असं कुठे करत नाहीत!” त्यावर शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला आणि सांगितले की, रोमच्या पोपने १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर केला, इंग्रजांनी ते मान्य करावयास पावणेदोनशे वर्षे लावली आणि १७५२ साली २ सप्टेंबरला निजून ते १४ सप्टेंबरला उठले. “आम्ही तिथी गाळतो ती एकेक, हिशेबाने,” ते म्हणाले. “साहेबाने घाऊक गाळल्या.”

हे ज्ञान लगोलग उपयोगी पडले. रायगडावरील राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा दिवस तक्त्यात भरताच यंत्राने तो बुधवार ठरविला. अस्सल उल्लेख शनिवारचा. तरुण आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो. कारण यंत्राशी वाद घालणे एक वेळ परवडते, परंतु राज्याभिषेकाचा वार बदलून आमच्या गावात राहणे परवडत नाही. शास्त्रीबुवांनी उलगडा केला: ६ जून ही त्या काळच्या इंग्रजांच्या जुन्या गणनेतील तारीख होय, नव्या गणनेने तोच दिवस १६ जून, आणि तो शनिवारच येतो. यंत्र बिचारे जुन्या तारखेला नवी गणना लावीत होते. तारीख आहे तीच ठेवावी आणि वार हाताने लिहावा, असे ठरले. सांगकाम्याने तो पुन्हा बदलू नये म्हणून तरुणाने त्या ओळीस कुलूप घातले.

एका जुन्या वाड्यातून संस्थेला भेट मिळालेले मोडी पत्र तेवढे उरले. त्यातील मितीत ‘छ’ ह्या अक्षरापुढे हिजरी महिन्याचे चंद्रदर्शन होते, वर्ष सुहूर सनाचे, अरबी शब्दांत लिहिलेले, आणि ते बदलते सूर्य मृग नक्षत्रात शिरला म्हणजे. इसवी सन काढावयाचा तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. एका ओळीत अरबस्तानचा चंद्र, मृगाचा सूर्य, मराठी भाषा आणि मोडी लिपी अशी चतुरंग सेना उभी करून त्या पूर्वजाने पुढे जो मजकूर लिहिला होता तो शेजाऱ्याने नेलेल्या बैलाविषयी होता. बैल परत आल्याची नोंद मात्र कोणत्याच कालगणनेत सापडली नाही.

“हे सगळं एकाच पद्धतीत का नाही आणत कोणी?” तरुणाने हताशपणे विचारले. आणले होते. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिला देशात सुमारे ३० पंचांगे प्रचारात असलेली आढळली. आणि ह्या गोंधळाचा एकदाचा निकाल लावण्याकरिता २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तेव्हापासून पंचांगे ३१ झाली.

दरम्यान दिनदर्शिकेची बातमी गावात पसरली होती, आणि ज्यांना पत्रिका पाठवूनही कार्यक्रमाला आणता आले नव्हते अशी मंडळी नोंदीकरिता मात्र न बोलावता येऊ लागली. एका सभासदांनी आपली एकसष्टी संस्थेच्या सभागृहात झाल्याचे छायाचित्र दाखवून ती ‘ठळक घटना’ असल्याचा दावा दाखल केला. दुसऱ्यांची तक्रार अशी की, त्यांच्या पराभवाची सर्वसाधारण सभा मराठीतील एका थोर नाटककाराच्या जयंतीखाली आली असून दोहोंपैकी एक हलवावी; कोणती, ते त्यांनी आमच्या सदसद्विवेकावर सोपविले. खजिनदारांना ‘मृत्यू’ हा मथळाच अशुभ वाटला. “तो गाळता येईल का?” त्यांनी हळूच विचारले, आणि तसे करणे कोणालाच आजवर साधलेले नाही, असे शास्त्रीबुवांनी सांगितल्यावर निदान त्याखालची वर्गणीची थकबाकी तरी लिहू नये, असा त्यांनी आग्रह धरला. ही सर्व प्रकरणे विकीच्या चावडीवर, म्हणजे चर्चेसाठी राखलेल्या पानावर, दाखल करण्यात आली. आणि थोड्याच अवधीत चावडीचे पान दिनदर्शिकेच्या सर्व पानांहून मोठे झाले. पूर्वी जे वैमनस्य गप्पाटप्पांत विरून जात असे, त्याला आता तारीख, वेळ आणि सही प्राप्त झाली.

अखेरची नोंद अध्यक्षमहाशयांच्या अमृतमहोत्सवी सत्काराची होती. ती भरताना यंत्राने शेवटचा प्रश्न विचारला: एकदाच, की प्रतिवार्षिक? तरुण ‘एकदाच’ म्हणणार तोच चिटणिसांनी त्याचा हात धरला. “प्रतिवार्षिक म्हण. अध्यक्षांच्या बाबतीत ‘एकदाच’ हा शब्द बरा दिसत नाही.” सांगकाम्याने शब्दाचा मान राखला आणि त्या एका रात्रीत शतकाच्या अंतापर्यंत दर वर्षीच्या १८ नोव्हेंबरला अध्यक्षांचा अमृतमहोत्सव मांडून ठेवला.

दिनदर्शिका अध्यक्षांपुढे ठेवण्यात आली, तेव्हा ते पाने उलटीत उलटीत नेमके २०८७ सालावर येऊन थांबले. कार्यकारिणीने श्वास रोखला. खजिनदारांना पुन्हा तो मथळा आठवला असावा, कारण ते खिडकीबाहेर पाहू लागले. अध्यक्षांनी चष्मा लावून ती नोंद सावकाश, ओठ हलवीत, दोन वेळा वाचली.

“ह्या दिवशी वार कोणता येतो?” त्यांनी विचारले.

“मंगळवार,” तरुणाने सांगितले.

“मंगळवारी कोण येतो?” अध्यक्ष नाराजीने म्हणाले. “आदला रविवार धरा. १६ तारीख.”

चिटणिसांनी तत्परतेने १६ नोव्हेंबर २०८७ रोजी सभागृह मोकळे आहे काय, हे दिनदर्शिकेत पाहिले. ते मोकळे होते. एवढा खटाटोप वाया गेला नाही, असा शेरा मग सर्वानुमते इतिवृत्तात नोंदविण्यात आला, दिनांक वरीलप्रमाणे.